मधमाश्यांच्या पेट्या वाढवायच्या तशा कमीही करता येतात
छंद म्हणून मधमाश्यांच्या पेट्या किती ठेवायच्या हे जागेवर नाही, हाताशी असलेल्या वेळेवर ठरवावं, हे मत मला पटतं. पण "विभाजन, म्हणजे एका पेटीतल्या माश्यांच्या दोन पेट्या, करत राहिलं की आकडा वाढणारच, इलाज नाही" असं काही जण म्हणतात, ते काही खरं नाही. अशक्त वसाहती (वसाहत म्हणजे एका पेटीतलं राणी आणि माश्यांचं कुटुंब) सरळ एकत्र करता येतात. दोघींपैकी कमी प्रतीची राणी आधी काढून टाकायची. मग संध्याकाळी, माश्या परतल्यावर, सशक्त पेटीवर वर्तमानपत्राचा एकच कागद अंथरायचा, त्याला बारीक छिद्रं पाडायची आणि वर दुसरी पेटी ठेवायची. कागद कुरतडेपर्यंत दोन्हींचा वास एक होतो, मारामारी टळते. मात्र अशक्तपणा रोगामुळे असेल तर हा उद्योग अजिबात नको. चांगली पेटीही हातची जाते.

मी विभाजनाच्या हंगामाआधीच कमाल आकडा ठरवून ठेवतो. कारण तेव्हाची तपासणी पुढे ढकलता येत नाही. मेलिफेरा या पाळीव मधमाशीचं राणीघर, म्हणजे नवी राणी वाढते ती कोठडी, अंडं घातल्यापासून साधारण आठव्या-नवव्या दिवशी बंद होतं, आणि हवा चांगली असेल तर त्याच सुमारास जुनी राणी माश्यांची झुंड घेऊन पेटी सोडून निघते. म्हणजे दर आठवड्याला प्रत्येक पेटी उघडणं आलं. नोकरी सांभाळून हे किती पेट्यांचं जमेल, तेवढाच छंद. आणि हो, माश्या ज्यात पोळं बांधतात त्या सगळ्या चौकटी एकाच मापाच्या घ्या, नाहीतर पेट्या एकत्र करणं अवघड जाईल.