मदत हवी आहे : रायशेनबाखच्या कड्यावरचा होम्स आततायी म्हणावा का?

नमस्कार. बेळगावात, टिळकवाडीत आमचे दहा-बारा जणांचे वाचनमंडळ आहे. डिसेंबर १८९३ मध्ये ‘स्ट्रँड’ मासिकात आलेल्या ‘द फायनल प्रॉब्लेम’ या होम्सकथेवर मला येत्या रविवारी तिथे बोलायचे आहे. तीत गुप्तहेर शेरलॉक होम्स स्वित्झर्लंडमधल्या रायशेनबाख धबधब्याच्या कड्यावर आपला कट्टर शत्रू, गुन्हेगारांचा सूत्रधार मोरिआर्टी, याला एकटाच सामोरा जातो, आणि दोघेही खाली पडून मेले असे समजले जाते. मागच्या बैठकीत एका ज्येष्ठ सदस्यांनी होम्सचे वागणे म्हणजे निव्वळ आततायीपणा, असे मत मांडले. मला ते पटले नाही, पण नीट उत्तरही देता आले नाही.

आजारी इंग्रज बाईला डॉक्टर हवा, ही हॉटेलातून आलेली चिठ्ठी बनावट असल्याचे होम्सने ओळखले होते, तरीही त्याने सोबतच्या डॉक्टर मित्राला, वॉटसनला, जाऊ दिले आणि स्वतः मागे थांबला, ही आक्षेपाची बाजू आहे. दुसरीकडे, इंग्लंड सोडण्यापूर्वीच त्याने मालमत्तेची सगळी व्यवस्था लावून ती भाऊ मायक्रॉफ्टच्या हाती सोपवली होती. अशी निरवानिरव करून निघालेला माणूस आततायी कसा?

पावसाळ्यात आमच्या गोकाकला घटप्रभा तांबडी होऊन कोसळते, तेव्हा शेजारच्याशी बोलायचे तर त्याच्या कानाशी ओरडावे लागते. तशाच गर्जनेत, मोरिआर्टी समोर उभा असताना, होम्सने वहीच्या तीन पानांवर शेवटचे पत्र लिहिले आणि चांदीच्या सिगारेट-केसखाली ठेवले. वॉटसन सांगतो की अक्षर अभ्यासिकेत बसून लिहिल्याइतके ठाम होते. ते वाचताना प्रत्येक वेळी माझा गळा दाटून येतो.

‘डेव्हिल्स फूट’ या दुसऱ्या होम्सकथेत मात्र त्याने विषारी धुराचा प्रयोग वॉटसनला सोबत बसवून केला. वॉटसनने त्याला ओढत बाहेर काढले आणि त्याने मनापासून क्षमा मागितली. तिथे आततायीपणा मला मान्य आहे. कड्यावर मात्र त्याने मित्राला दूर ठेवले, आणि हा फरक मला निर्णायक वाटतो.

होम्सने स्वतःचा मृत्यू आधीच गृहीत धरल्याचे दाखवणारे उतारे इतर कथांतून आठवत असतील, तर कृपया कथेच्या नावासह द्यावेत. होम्स कड्यावरून जिवंत परतणारच होता, असा आक्षेप येईल. त्या आक्षेपाला उत्तर म्हणून, होम्स जिवंत परततो त्या १९०३ च्या पुनरागमनकथेतील त्याचेच बोलणे पुरे आहे, कारण ते पत्र पूर्णपणे खरे होते, असे तो तिथे वॉटसनला सांगतो. शिवाय एक शब्द हवा आहे. ‘जिवावर उदार’ आपण सैनिकालाही म्हणतो आणि भरल्या नदीत उडी घेणाऱ्या पोरालाही. या दोहोंतला फरक दाखवणारा नेमका मराठी शब्द कोणी सुचवेल का?