शेवटी भाऊ बहिणीला ओळखतच नाही, असं का केलं असेल? (शेवट सांगितलाय)

रानजाई:
काल खालिद हुसैनींची 'अँड द माउंटन्स एकोड' संपवली, २०१३ची आहे, मी फारच उशिरा वाचली. शेवट काही केल्या डोक्यातून जात नाहीये. १९५२ साल, अफगाणिस्तानातलं शादबाग गाव, गरिबीपायी बाप आपली तीन-चार वर्षांची मुलगी परी काबूलच्या श्रीमंत जोडप्याला देऊन टाकतो. तिचा भाऊ अब्दुल्ला तेव्हा १० वर्षांचा, आई गेल्यापासून त्यानेच तिला सांभाळलेलं. तिला पिसं गोळा करायचा नाद, म्हणून मोराच्या एका पिसासाठी या पोराने पायातले बूट देऊन टाकलेले असतात. पुढे ती पॅरिसला, तो अमेरिकेत कबाबचं हॉटेल चालवतो आणि २०१० मध्ये ती समोर येऊन बसते तेव्हा त्याला डिमेन्शिया, म्हणजे विसरण्याचा आजार. मला इतका राग आला ना.

खरं कारण घरचं आहे. आत्याने हक्कसोडपत्रावर सही केली नाही म्हणून पप्पांनी तिच्याशी बोलणं टाकलं, १९ वर्षं झाली. भाऊबीजेला आमच्याकडे पाटच मांडला जात नाही. पप्पा आता ७१चे, इंग्रजी पुस्तक काही वाचणार नाहीत, पण गोष्ट सांगावी का? की उगाच मनाला लावून घेतील?

उंबरठा:
अगं पण तो डबा विसरलीस का? आजार कळल्यावर, सगळं विसरायच्या आधी, अब्दुल्ला तिच्यासाठी चहाचा जुना पत्र्याचा डबा ठेवून जातो, त्यात तीच पिसं, सोबत चिठ्ठी. परीला तर पिसांचं काहीच आठवत नसतं. तिला एवढंच कळतं की हा जन्मभर माझी आठवण काढत होता. माझ्या मते भेट त्या डब्यात झाली, समोरासमोर झाली नाही तरी.

जुनी_वही:
मला त्या दोघांपेक्षा नबी जास्त लागला. सावत्र आईचा भाऊ, परी दिली जावी म्हणून मध्ये पडलेला तोच, आणि सगळं कबूल करतो ते पत्रात, तेही मेल्यावर वाचायला. ते पत्र २० वर्षं आधी लिहिलं असतं तर? आमच्याकडेपण एक काका असेच, सगळ्यांचं भांडण त्यांना मिटवता आलं असतं पण मला काय त्याचं म्हणून गप्प बसले. रानजाई, तू गप्प बसू नकोस, सांग पप्पांना. फक्त आत्याचं नाव काढू नको, नुसती गोष्ट सांग.

सांजवात:
आईला ६ वर्षं डिमेन्शिया होता म्हणून लिहितेय. मला ती शेवटी शेवटी "बाई, तुम्ही कुणाकडच्या" विचारायची, पण मी जात्यावरची ओवी सुरू केली की पुढची ओळ बरोबर म्हणायची, एक शब्द चुकायचा नाही. कादंबरीत ते दोघं लहानपणची तीच अंगाई म्हणतात ना, ते अगदी खरं आहे. मी ते पान वाचून पुस्तक मिटून ठेवलं होतं, दोन दिवसांनी परत उघडलं. ७१ म्हणजे अजून वेळ आहे गं, पण खूप नाही.

रानजाई:
सगळ्यांचे आभार. काल संध्याकाळी पप्पा तुरीच्या शेंगा सोलत होते तेव्हा सांगितली. डिमेन्शियापर्यंत आलेच नाही, ते बुटांपाशीच अडकले. म्हणाले, "मग बूट कुठे घालवले म्हणून घरी मार खाल्ला असेल की त्याने." आणि मग स्वतःहून सांगायला लागले की ते तिसरीत असताना ओढ्यात चप्पल वाहून गेली तर आत्याने माझ्या हातून गेली म्हणून सांगितलं आणि आजोबांचा मार तिने खाल्ला. हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. थोड्या वेळाने विचारलं, "तिचा मोठा मुलगा तुझ्या फेसबुकवर आहे ना?" मी आहे म्हटलं. पुढे काही बोलले नाहीत, शेंगा संपल्या तरी सूप घेऊन तिथेच बसून होते.