साहेबांनी मटण सोडलं, बरं मग?

पेठेतला_पप्या: कालपासून ज्याच्या त्याच्या स्टेटसला तोच व्हिडिओ. साहेब ऑफिसातच बसलेत, मागे हुद्द्याची पाटी, पुढ्यात ज्वारीची भाकरी, आणि सांगतायत की मी गहू नि मटण दोन्ही सोडलं, शुगर उतरली, पुणेकरांनीही सोडावं. अहो उतरली, आनंद आहे. पण हे घरी लुंगीवर बसून सांगा की! खुर्चीतून आलं की खालच्यांना तो हुकूमच वाटतो. माझा मेव्हणा अशाच एका ऑफिसात क्लार्क, तिथे साहेबांनी चहा सोडला तर आठवड्यात चहावाला पोऱ्या यायचाच बंद झाला. ऑर्डर कुणीच काढली नव्हती.

अर्धा_डॉक्टर: म्हणजे सरकारी माणसाने तोंडच उघडायचं नाही? तंबाखू सोडा म्हटलेलं चालतं. 2023 हे भरडधान्य वर्ष आपल्याच प्रस्तावावरून यूएनने जाहीर केलं, तेव्हा कुणाचं पोट नाही दुखलं. आमचे बाबा डॉक्टरला जुमानत नाहीत, माझं तर सोडाच, पण हा व्हिडिओ बघून हातातली जिलबी खाली ठेवली त्यांनी.

पेठेतला_पप्या: तंबाखू आणि मटण एकाच तागडीत? धन्य! 2017 मध्ये केंद्राच्या आयुष मंत्रालयाच्या पुस्तिकेत गरोदर बायकांना मांसाहार टाळा म्हणून सांगितलं होतं, ते पण तंबाखूसारखंच का?

कोथरूडची_सून: भाकरी भाकरी करताय सगळे, थापणार कोण? साहेबांच्या ताटातली कुणी थापली ते दिसलं का व्हिडिओत? त्या मिलेट वर्षात आमच्या सासऱ्यांनी पण फर्मान काढलं होतं. पहाटे उठून आठ भाकऱ्या, मग हिंजवडीची बस, आणि पीठ जुनं असलं की परातीतच चिरते, उकळतं पाणी घालून मळावं लागतं, बोटं भाजतात ती वेगळीच.

अर्धा_डॉक्टर: मालदांडी ज्वारी घ्या, आठवड्यापुरतंच दळून आणा, नाही चिरत.

कोथरूडची_सून: दादा, तुम्ही शेवटची कधी थापलीत?

अर्धा_डॉक्टर: रविवारी करतो मी. प्लास्टिकच्या कागदावर लाटतो.

कोथरूडची_सून: लाटता??

सोलापूरकर_पुण्यात: लाटलेल्याला आमच्याकडे भाकरी म्हणत नाहीत. पुण्यात काहीही खपतं राव.

अर्धा_डॉक्टर: झालं, पुण्यावर आले! इतकं वाईट आहे तर राहता कशाला इथे?

सोलापूरकर_पुण्यात: नोकरीसाठी. भाकरीसाठी नक्कीच नाही.

खडू_फळा: तुमचं लाटणं-थापणं झालं असेल तर बोलू का? मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. नोव्हेंबर 2023 मध्ये पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरलं, न खाणाऱ्याला केळं. जानेवारी 2025 मध्ये सरकारने त्याचा निधी थांबवला, द्यायचं तर लोकवर्गणीतून द्या म्हणे. माझ्या वर्गातला एक जण पांढरं खाऊन पिवळं रुमालात बांधायचा, धाकट्या बहिणीसाठी. रुमालाला वास यायचा म्हणून पोरं चिडवायची, तरी न्यायचाच. साहेबांनी मटण सोडलं काय, धरलं काय, या पोराच्या ताटात काय पडणार तेवढं बोला.

पेठेतला_पप्या: बाई, हेच मला म्हणायचं होतं.

कोथरूडची_सून: तुम्हाला चहावाल्याचं म्हणायचं होतं.

अर्धा_डॉक्टर: बरं बाई, अंड्याचं मान्य. खुर्चीत बसून मटणावर बोलायला नको होतं, तेही मान्य, झालं समाधान? पण बाबांनी जिलबी ठेवली ती ठेवलीच.

पेठेतला_पप्या: आणि मटण?

अर्धा_डॉक्टर: मटण चालू आहे. रविवारी सकाळी लायनीत पहिला नंबर त्यांचाच.