'इनटू द अननोन': बॅड रिलिजनचा दुसरा अल्बम खरंच इतका टाकाऊ आहे का?

खर्जातला:
लॉस एंजेलिसच्या बॅड रिलिजन या पंक (वेगवान, बंडखोर रॉक) बँडचं नाव निघालं की लोक १९८२ चा पहिला अल्बम आणि १९८८ चा 'सफर' (Suffer) यांवर भरभरून बोलतात. मधल्या 'इनटू द अननोन'चा (१९८३) विषय कुणी काढत नाही. पहिल्यात झटपट आटोपणारी, दातओठ खाऊन म्हटलेली गाणी. इथे आठच गाणी, त्यातलं एक सात मिनिटांचं, आणि जिकडेतिकडे कीबोर्ड. सत्तरच्या दशकातला प्रोग्रेसिव्ह रॉकच म्हणा, म्हणजे लांबलचक, गुंतागुंतीची गाणी. या प्रकारापायी बेसवाला जे बेंटली आणि ड्रमर पीट फाइनस्टोन दोघंही बँड सोडून गेले. माझ्या मते पंकवाल्यांनी केलेलं हे सर्वांत पंक काम आहे. ऐकणाऱ्यांना काय हवंय ते ठाऊक असून मुद्दाम उलटं केलं. तेही गायक ग्रेग ग्रॅफिन जेमतेम १९ चा असताना, स्वतःच्याच एपिटाफ लेबलवर.

तिसरी घंटा:
लोकांच्या मनाविरुद्ध वागलं की पंक, या न्यायाने भर मैफलीत घोरणाराही पंक ठरेल. अहो, कीबोर्डला माझा विरोध नाही. पहिल्या अल्बममध्येही पियानो आहे, तो खुपत नाही. विरोध गाण्यांना आहे. ग्रॅफिनची चाल वेगावर स्वार होते तेव्हाच चढते. इथे वेग काढून घेतला आणि चाली रेंगाळत बसल्या. बँडचं स्वतःचं मत बघा ना: १९८५ च्या ईपीचं (मोजक्या गाण्यांच्या छोट्या रेकॉर्डचं) नाव 'बॅक टू द नोन'. याहून स्पष्ट माफीनामा काय असतो? 'इनटू द अननोन'च्या पाठवल्या त्याहून जास्त प्रती परत आल्या, हा विनोदही त्यांच्याच गोटातला.

चिंचगुळ:
तेव्हाचं वातावरण विसरू नका. वेगाची कमाल गाठून झाली होती, आता पुढे काय हे कोडं सगळ्यांनाच पडलं होतं. १९८४ मध्ये ब्लॅक फ्लॅग या पंक बँडने 'माय वॉर' अल्बमची अख्खी दुसरी बाजू संथ करून टाकली: तीनच गाणी, प्रत्येक सहा मिनिटांच्या वर. त्याच वर्षी हुस्कर डू या दुसऱ्या पंक बँडचा दुहेरी अल्बम 'झेन आर्केड' आला, त्यातला शेवटचा नुसत्या वाद्यांचा तुकडा जवळपास १४ मिनिटांचा. ते दोन डोक्यावर घ्यायचे आणि यांना हसायचं?

तिसरी घंटा:
संथ झाले तरी ब्लॅक फ्लॅगचा संताप ब्लॅक फ्लॅगचाच राहिला. इथे ज्या संगीताला वैतागून पंक जन्मला, तेच घरात आणून बसवलंय.

खर्जातला:
कारण ग्रॅफिनला ते मनापासून आवडायचं! सत्तरच्या दशकातला रॉक संगीतकार टॉड रंडग्रेन, त्याचा तो जुना चाहता. २००० साली बँडच्या 'द न्यू अमेरिका' अल्बमची निर्मिती रंडग्रेनकडेच दिली. म्हणजे ८३ ची ती काही एका दिवसाची लहर नव्हती. आणि 'सफर'मधले ते तीन आवाजांतले आकार, जे पुढे कॅलिफोर्नियातल्या कितीतरी बँडांनी उचलले, ते निव्वळ हार्डकोर (आणखी वेगवान, आक्रमक पंक) ऐकून सुचले असतील? मला नाही पटत.

आगाऊ कार्टा:
बचावाला साक्षीदार म्हणून 'द न्यू अमेरिका'? वकील बदला दादा.

तिसरी घंटा:
😀 आणि 'सफर' कधी झाला तेही बघा. सर्कल जर्क्स या पंक बँडचा ग्रेग हेटसन गिटारला आला, बेंटली आणि फाइनस्टोन परतले, तेव्हा. १५ गाणी, २६ मिनिटं. ज्यांना कीबोर्ड सोसले नाहीत त्यांच्याचमुळे मेलोडिक हार्डकोरला घडी बसली.

चिंचगुळ:
त्यांच्या'च'मुळे? गाणी ग्रॅफिन आणि गिटारवाला गुरेविट्झ यांचीच आहेत, म्हणजे ८३ मध्ये ठेच खाल्लेल्या त्याच दोघांची. आणि इतकी लाज असती तर २०१० च्या व्हायनल संचात हा अल्बम घातलाच नसता.

तिसरी घंटा:
बँडच्या तीस वर्षांचा संच म्हणून विकायचा तर सगळंच घालावं लागतं. त्याला प्रेम म्हणत नाहीत.

खर्जातला:
बरं, एकच विचारतो. 'बिली नोसिस' शेवटपर्यंत ऐकलंय का? की पहिला कीबोर्ड कानावर पडताच बंद केलंत?