संकेतस्थळ-रचनेच्या व्यवसायातले पहिले काम तुम्हाला कसे मिळाले?

माझी भाची डिचोलीची. वाणिज्य शाखेची पदवी घेताना तिने एचटीएमएल, सीएसएस आणि थोडी जावास्क्रिप्ट या संकेतस्थळे बनवण्याच्या भाषा स्वतःच शिकून घेतल्या. आता प्रत्येक मुलाखतीत तिला एकच प्रश्न विचारतात : "यापूर्वी कोणाचे काम केले आहे?" कोणी पहिले काम दिल्याशिवाय या प्रश्नाला उत्तर कोठून आणायचे, हे तिला समजत नाही. गोव्यात राहून या व्यवसायात आलेल्यांनी आपला अनुभव सविस्तर लिहावा, ही विनंती.

म्हापसा
माझे पहिले काम मांद्र्याला आतेभावाच्या घरगुती निवासाच्या (होमस्टेच्या) संकेतस्थळाचे होते आणि त्याचे मी पैसे घेतले नाहीत. पहिल्याच पानावर मी कॅमेऱ्यातली बारा छायाचित्रे जशीच्या तशी लावली. प्रत्येक पाच-सहा एमबीचे असल्यामुळे मोबाइलवर पान उघडेचना. मग त्यांची रुंदी कमी करून वेबपी या कमी जागा घेणाऱ्या चित्र-स्वरूपात प्रत्येक छायाचित्र दोनशे केबीच्या आत आणले. पाहुण्याला हवे असते ते खोलीचे भाडे, येण्याची वाट आणि फोन क्रमांक. मी मात्र सरकत्या चित्रांवर तीन आठवडे घालवले होते. एक व्यावहारिक सूचना करतो : निवासवाल्यांकडे पावसाळ्यात जावे. ऑक्टोबरात हंगाम सुरू झाला की त्यांना बोलायलाही सवड नसते.

फोंडा
आमच्या गावच्या देवस्थानाला उत्सवांची माहिती मराठीत द्यायची होती. जुना मजकूर युनिकोड ही सर्व लिपींची सामायिक संगणकीय पद्धत रुळण्यापूर्वीच्या फाँटमध्ये असल्याने तो आधी रूपांतरित करावा लागला आणि रूपांतरात बिघडलेली जोडाक्षरे एकेक करून हाताने दुरुस्त करावी लागली. मथळा ऐसपैस दिसावा म्हणून मी अक्षरांमधले अंतर वाढवले, तर शिरोरेषाच तुटली. रोमन लिपीसाठी शिकलेली युक्ती देवनागरीला चालत नाही, हे मला त्या दिवशी उमगले. वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असल्यामुळे ओळींतले अंतरही वाढवावे लागले. पुढे पणजीतल्या मुलाखतीत माझी प्रमाणपत्रे कोणी उघडूनही पाहिली नाहीत, पण या एका पानावर पाऊण तास चर्चा झाली. आपल्या भाचीला मराठी आणि कोंकणी दोन्ही येत असणार. देवनागरी मजकूर नीट मांडता येणे हे गोव्यात मोठे भांडवल आहे, असे मी अगदी मनापासून सांगते.

मडगाव
मी गेली काही वर्षे उमेदवार निवडण्याचे काम करते, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहिते. प्रसिद्ध कंपनीच्या मुखपृष्ठाची नवी रचना करून आणलेले नमुने मला फारसे उपयोगी वाटत नाहीत, कारण त्यांत ग्राहकाची कोणतीही अडचण सोडवलेली नसते. मी नमुना-पान लहान मोबाइलवर उघडते, माऊस बाजूला ठेवून फक्त कळफलकाने फिरून पाहते आणि मजकूर व पार्श्वभूमी यांच्या रंगांतला भेद तपासते. सुगम्यतेच्या, म्हणजे अपंगांनाही संकेतस्थळ वापरता यावे यासाठीच्या, मार्गदर्शक तत्त्वांनुसार साध्या आकाराच्या मजकुरासाठी उजळपणातल्या या भेदाचे प्रमाण किमान ४.५ : १ असावे लागते आणि फिकट करड्या अक्षरांचे अनेक सुंदर नमुने तेथेच मागे पडतात. तीनच कामे असावीत, पण प्रत्येकाखाली काय अडचण होती, काय बदलले आणि का बदलले, हे चार ओळींत लिहिलेले असावे.

वास्को
पैशांविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. माझ्या पहिल्या ग्राहकाने पूर्ण झालेल्या कामाचे पैसे सात महिने अडकवून ठेवले आणि हातात एकही लेखी कागद नसल्यामुळे मला काही करता आले नाही. तेव्हापासून पानांची संख्या, दुरुस्तीच्या फेऱ्या आणि मुदत लिहून, निम्मी रक्कम आगाऊ घेतल्यावरच मी काम सुरू करतो. डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, मात्र नेहमी ग्राहकाच्याच नावावर आणि त्याच्याच ईमेलवर नोंदवावे. ते आपल्या नावावर ठेवून ग्राहकाला अडवणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्यामुळे पुढच्या होतकरूला त्या दुकानाची पायरीही चढू देत नाहीत. नूतनीकरणाची तारीख ग्राहकाच्या वहीत स्वतः लिहून द्यावी.