मदत हवी आहे: मुंबई ते न्यूयॉर्क, विमानात नक्की किती तास?

निळावंती: आई एकटीच येतेय. तिकिटावर सुटण्याची वेळ रात्री १.३० आणि पोहोचण्याची त्याच दिवशी सकाळी ७.००. प्रत्यक्ष किती तास आणि अंतर किती? कुठे १५ लिहिलंय, कुठे १६. लवकर सांगा, प्लीज.

सातारकर: न्यूयॉर्क म्हणजे जेएफके विमानतळ की शेजारचा नेवार्क? थेट आहे की मध्ये थांबा? महिना कोणता?

निळावंती: नेवार्क, थेट. महिन्याचा काय संबंध?

खगोल: अंतर सरळ रेषेत साधारण १२,५५० किमी. ताशी ९०० धरा, १४ तास.

सातारकर: इतकं कमी कसं? नकाशावर युरोप ओलांडून अटलांटिकवरून मोजलं तर बरंच जास्त भरतं.

खगोल: सपाट नकाशावर मोजू नका, पृथ्वीगोलावर दोरा ताणा. रशियावरून, मग आइसलँड, ग्रीनलंडच्या टोकाजवळून जातो.

मेघमल्हार: दोरा तसा जाईल हो, विमान नाही जाणार. एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानचं आकाश भारतीय कंपन्यांना बंद आहे, वळसा पडतोच. त्यात जाताना समोरून वारा. म्हणून जायला जास्त वेळ, यायला कमी. १४ तास मनातून काढून टाका.

चकली: थेट घेतलंच कशाला? माझ्या सासूबाईंचे पाय सुजून एवढाले झाले होते. दोह्याला उतरून थोडं चाललं की बरं वाटतं.

मेघमल्हार: वयस्कर बाई एकटी, आणि परक्या विमानतळावर गेट शोधत फिरायचं? थेटच बरं. पाय मोकळे करायला विमानातही उठता येतं. व्हीलचेअर आत्ताच सांगून ठेवा, उतरल्यावर इमिग्रेशनपर्यंत माणूस सोबत असतो.

निळावंती: व्हीलचेअर सांगितली आहे. तास सांगा ना कोणीतरी!

सातारकर: तारीख?

निळावंती: नोव्हेंबरचा दुसरा आठवडा.

सातारकर: म्हणून महिना विचारत होतो. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे जातात. त्याआधी फरक साडेनऊ तासांचा, नंतर साडेदहा. तिकिटावर दोन्हीकडच्या स्थानिक वेळा असतात. तुमचे दिसणारे साडेपाच अधिक साडेदहा, म्हणजे १६ तास. हेच ऑक्टोबरात १५ झाले असते.

चकली: लोणचं, मसाले चालतात. ताजा कढीपत्ता अजिबात देऊ नका, काढून घेतात. खाण्याचे पदार्थ असल्याचं तिथे खरं सांगायचं.

निळावंती: खाण्याचं नंतर बघते. आईचं इन्सुलिन रोज रात्री ९ ला असतं, दिवसातून एकदाच. म्हणून तास हवे होते.

मेघमल्हार: हे आधी सांगायचं ना! घरी ९ ला घेऊन निघतील. उतरतील तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतील. पुढच्या डोसची वेळ तिकडच्या सकाळी साडेदहाला येते, म्हणजे विमानात डोस येतच नाही. तिकडच्या रात्रीवर वेळ कशी सरकवायची ते मात्र त्यांच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. इन्सुलिन हातातल्या पिशवीतच ठेवा. चेक-इन बॅगेत गोठलं की वाया जातं. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी हवी.

खगोल: आणि विमान लेट झालं तर? इमिग्रेशनची रांगही मोठी असते. इन्सुलिनचं पेन, सुया, दोन बिस्किटं हाताशीच असू द्या, सुटकेसची वाट बघायला लागू नये.

निळावंती: उद्याच डॉक्टरांना फोन करते. डोस विमानात येत नाही हे आईला आत्ताच कळवते, तिला त्याचीच धास्ती होती.

चकली: मेतकूट पण चालतं.