वादळात कापलेली वाळूची टेकडी पुन्हा भरून येते का?

केतकीबन
आमचे घर दापोली तालुक्यात अगदी समुद्रालगत आहे. घर आणि पुळण यांच्यामध्ये वाळूची एक लांबट टेकडी असून तिच्या माथ्यावर सुरूची झाडे आहेत. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले तेव्हा लाटा थेट टेकडीच्या पायथ्याला भिडल्या आणि समुद्राकडचा सारा उतार खरवस कापावा तसा उभा कापला गेला. पुढच्या मे महिन्यात तौक्ते वादळाने त्यात भर घातली. आता त्या कडेवर सुरूची मुळे उघडी लोंबत आहेत. पावसाळ्यात गेलेली वाळू दिवाळीनंतर परत येते, हे आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहोत. पुळण आजही तशी भरते; मग टेकडीच का भरत नाही? गावात दगडी बंधाऱ्याची मागणी जोर धरते आहे, म्हणून विचारतो.

खाडीमुख
पुळण आणि टेकडी यांची वाळू एकच असली, तरी ती परत येण्याच्या वाटा वेगळ्या आहेत. पावसाळ्यातल्या उंच, एकामागून एक आदळणाऱ्या लाटा पुळणीवरची वाळू ओढून नेतात आणि किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर पाण्याखाली तिचा बांध घालतात. पुढे समुद्र निवळला की लांब, संथ लाटा तीच वाळू हळूहळू किनाऱ्याला आणून टाकतात. टेकडीवर मात्र लाट वाळू चढवत नाही. ते काम वाऱ्याचे आहे, आणि वाऱ्याला त्यासाठी रुंद, कोरडी पुळण लागते. आपल्याकडे समुद्रावरून सर्वांत जोराचा वारा वाहतो तो पावसाळ्यात, नेमकी तेव्हाच वाळू भिजलेली असते. उरतात ते कोरड्या महिन्यांतले दुपारचे खारे वारे. म्हणून पुळण काही महिन्यांत सावरते, पण एका दिवसात कापलेली टेकडी भरायला कित्येक वर्षे, कधी दशकेही लागतात, आणि तेवढ्या अवधीत दुसरे वादळ आले की हिशेब पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

निसर्ग वादळाच्या वेळी दोन गोष्टी जुळून आल्या होत्या. वटपौर्णिमा दोन दिवसांवर असल्याने उधाणाची भरती होती. शिवाय वादळ दिवेआगरच्या आसपास जमिनीवर चढले आणि दापोलीचा किनारा त्याच्या दक्षिणेला राहिला. आपल्या गोलार्धात चक्रीवादळाचे वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात, त्यामुळे त्या बाजूला वारा समुद्राकडून जमिनीकडे पाणी लोटत होता. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की समुद्राची पातळी साधारण एक सेंटिमीटरने चढते, तीही वाढ त्यात धरावी. तौक्ते अक्षय्य तृतीयेनंतर, उधाण ओसरत असताना आले. पण ते किनाऱ्याला जवळजवळ समांतर सरकत गेल्यामुळे लाटांचा मारा लांबला. वाऱ्याच्या वेगापेक्षा पाणी किती भरत्यांना पायथ्यापर्यंत पोहोचले, यावर टेकडीचे नुकसान अधिक ठरते.

रेतीवाट
खाडीमुख यांच्या उत्तरात एक भर घालतो. वाऱ्याने आणलेली वाळू थांबवायला वनस्पती लागते, आणि त्यात मर्यादवेलीला तोड नाही. तिच्या एखाद्या फांदीजवळ बसून पाहा: प्रत्येक पेराशी मुळे उतरलेली दिसतील, पानांच्या आडोशाला वाळूचा ओंजळभर ढीग साचलेला असेल आणि वेलीचे टोक त्या ढिगावर चढून पुढे निघालेले असेल. टेकडी अशीच ओंजळीओंजळीने वाढते. सुरूच्या दाट सावलीत आणि गळलेल्या काड्यांच्या थरात ही वेल टिकत नाही, आणि वादळात सुरू उन्मळला की मुळांबरोबर वाळूचा मोठा लगदाही उखडतो. तरीही उभी झाडे तोडू नका. मागच्या नारळी-पोफळीच्या बागांना त्यांचा आडोसा आहे. समुद्राकडचा पट्टा मात्र वेलीला आणि केवड्याला मोकळा सोडा, आणि कापलेल्या कडेच्या पायथ्याशी, उधाणाच्या रेषेच्या वर, झावळ्यांचे विरळ कुंपण घाला. भरगच्च कुंपण वारा अडवते, विरळ कुंपण वाळू पाडते.

बंदरकर
बंधाऱ्याविषयी कळकळीने सांगतो, कारण आमच्या गावाने तो अनुभव घेतला आहे. लाट उतरत्या पुळणीवर चढताना दमते. दगडी भिंतीवर आदळून ती जोर राखून परत फिरते आणि भिंतीचा पायथा उकरते. शिवाय मागची वाळू कोंडली गेल्याने वादळात पुळणीला मिळणारी रसद बंद होते. आमच्याकडे आता भरतीच्या वेळी होड्या ओढून ठेवायलाही वाळू उरत नाही, आणि बंधारा जिथे संपतो त्याच्या पुढची जमीन पूर्वीपेक्षा वेगाने तुटते आहे. घराचा पायाच उघडा पडला असेल तर माणूस दुसरे काय करणार, हे मला मान्य आहे. आपली टेकडी अजून उभी आहे, म्हणून एवढे लिहिले. वाळूच्या टेकड्यांना किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांत संरक्षण आहे, हेही ग्रामसभेत मांडावे.

केतकीबन
आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. ही उत्तरे वाचून सकाळी पुन्हा टेकडीवर गेलो. पर्यटकांच्या गाड्या पुळणीवर उतरवता याव्यात म्हणून आम्हीच काही वर्षांपूर्वी टेकडीत एक खिंड पाडली होती, आणि वादळाचे पाणी परसात शिरले ते तिथूनच. खिंडीच्या दोन्ही अंगांना मर्यादवेल आहे, मधल्या चाकोरीत एकही पान नाही. ती वाट आजपासून बंद केली आहे. झावळ्या परसात पडलेल्याच आहेत. विहिरीच्या कठड्यापासून टेकडीच्या कडेपर्यंतचे अंतर आज एकोणतीस पावले भरले; ते वहीत लिहून ठेवले आहे आणि येत्या नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा मोजून इथे कळवीन.